झिजलेल्या दाढा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी अल्लीपूरजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. लोक आधी माझं बाईपण बघायचे, मग औषध घ्यायचे. एका उन्हाळ्यात गावातल्या एका बड्या घरच्या वावरातल्या पडक्या विहिरीचा गाळ काढताना बाईचा सांगाडा निघाला. कुणी भिकारीण म्हातारी पडली असेल, असं त्या घरच्यांनी लगेच सांगून टाकलं. त्यांची धाकटी सून काही वर्षांपूर्वी पळून गेली होती. तेही त्यांनीच सांगितलं होतं.

त्या सुनेची आई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

"डॉक्टरीणबाई, म्हातारी हाये का पोरगी, एवढंच सांगजा. गाव माह्या पोरीले पळालेली म्हणते. तिच्या बहिणीले कोणी मागणी घालून नाई राह्यलं."

हाडं बघायला वरून मोठे डॉक्टर आले. त्यांनी जबडा उचलला, सपाट झिजलेल्या दाढा पाहिल्या, "पन्नाशीच्या पुढची," म्हणाले आणि चहा मागवला. झालं! माझं डोकंच फिरलं.

"सर, गळ्याखालचं हे हासळीचं हाड बघा. याचं आतलं टोक अजून जुळलेलं नाही. कमरेच्या हाडाची कड नुकती जुळलीय, रेघ दिसते. ही पंचविशीच्या आतली आहे."

"आणि दाढा?"

दाढांचं उत्तर माझ्याच तोंडात होतं. मी इकडचीच, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. आमच्या जात्याच्या दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली की कित्येक दिवस भाकरीत दगडाची कच लागायची आणि आम्ही ती मुकाट्यानं चावायचो. मी बोटानं गाल ओढला आणि पंचनाम्याला आलेल्या पोलीस जमादारासमोरच आ वासला.

"बघा. आता माझं वय सांगा."

मी तेव्हा तिशीचीही नव्हते. सर गोरेमोरे झाले.

"तोंड मिटा, बाई. मोठ्या घरचा मामला आहे."

मी मिटलं नाही. "हिचं नाव मला सांगता येणार नाही. वय येतं, आणि ते मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही पन्नास लिहा, मी खाली माझं मत वेगळं लिहीन."

त्यांनी हासळीचं हाड पुन्हा उचललं, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि पन्नास सोडून पंचविशीच्या आत असं लिहिलं. शाबासकी राहू द्या, मला बदली मिळाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीला. ज्वारी तिथंही पिकते.

त्या वयाची दुसरी कुणी बाई आसपास हरवलेली नव्हती, म्हणून चौकशीनंतर हाडं आईच्या ताब्यात दिली. शिक्षा कुणालाच झाली नाही. ती विहिरीत कशी गेली, हे हाडांवरून सांगता येईना. त्याचा संताप माझा आजही गेलेला नाही.

मसणात जायला गावामागून पांदणीची वाट होती. आईनं पांढऱ्या फडक्यात बांधलेली हाडं उराशी धरली आणि भर दुपारी गावातूनच निघाली. मी मागे होते. त्या बड्या घरापुढे ती थांबली. ओसरीवर सगळे बसले होते.

"माही पोरगी कुठी पळाली नव्हती," ती म्हणाली. "तुमच्याच घरी होती."