आर्डिस टोलिव्हर गाडी उतरवते

चाकांवरची घरं घेऊन फिरणारे लोक उतरतात त्या आमच्या कॅम्पात एक नियम आहे आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही. कोणी ट्रकला ट्रेलर जोडत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही. हवापाणी नाही, कॉफी घेणार का नाही, काहीच नाही. बोलण्याच्या नादात माणूस एखादी खीळ लावायला विसरतो आणि मग सहा टन वजनाचं घर रस्त्यावर एकटंच निघतं. मी या कॅम्पची देखरेख करते, त्यामुळे नियम मोडणाऱ्याला झापायचं काम माझं. जुलैच्या त्या सोमवारी जे झालं त्यात माझाच हात होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आर्डिस टोलिव्हर माझ्याकडे अकरा उन्हाळे येते आहे. वय अडुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, आणि बोलणं असं की दोन मिनिटांत तुम्ही तिचे कांदे चिरून देत असता. आयडाहोतल्या बर्ली गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं काढली. अडीचशे पोरांचं जेवण रोज साडेअकराला तयार. त्याआधी, चौदा वर्षांची असताना, बटाट्याच्या काढणीत ती बापाचा ट्रक शेतातून कोठारापर्यंत चालवायची. आमच्याकडच्या शेतावरच्या पोरी चालवतातच. मग डेल्मरशी लग्न झालं. डेल्मर लांब पल्ल्याचा ट्रकवाला, पस्तीस वर्षं देशभर माल वाहिलेला. घरात एक ट्रकवाला पुरे, असं म्हणून त्यानं तिच्या हातात ट्रकचं स्टिअरिंग दिलं नाही ते नाहीच.

निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि छत्तीस फुटी ट्रेलर घेतला. पलंग, सोफा, ओव्हन, सगळं आत. तो ओढायला मागच्या बाजूला चार चाकं असलेला डिझेल ट्रक. हिवाळ्यात ॲरिझोनाचं वाळवंट, उन्हाळ्यात इकडे पूर्व ओरेगनात माझ्या पाइनच्या झाडांखाली. डेल्मर गाडी चालवणार, आणि जागेवर ट्रेलर मागे घेताना आर्डिस मागे उभी राहून हातवारे करणार आणि शिव्या खाणार, अशी वाटणी. संध्याकाळी चारच्या सुमाराला आमच्याकडे सगळे खुर्च्या बाहेर काढून बसतात ते हेच बघायला. नव्यानं आलेलं जोडपं ट्रेलर मागे घेऊ लागलं की त्यांचा संसार किती मुरलेला आहे ते दहा मिनिटांत कळतं.

यंदाच्या हिवाळ्यात डेल्मरच्या नजरेत बरोब्बर मधोमध डाग आला. समोर बघितलं की माणसाचा चेहरा पुसलेला, कान तेवढे दिसतात. एप्रिलमध्ये त्याचा परवाना गेला. एका मित्रानं ट्रेलर ॲरिझोनाहून इथवर आणून दिला, आणि जागेवर लागल्या लागल्या डेल्मरनं जाहीर केलं, "जे घर मला ओढता येत नाही ते मला नको." गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं. ट्रेलर त्याच्या ताब्यात द्यायचा होता गुरुवारी दुपारी बारा वाजता, डोंगर उतरून पेंडलटनला, धान्याच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत.

"न्यायला एखादा भाड्याचा ड्रायव्हर बघतो," तो म्हणाला.

"कशाला? मी नेते," आर्डिस म्हणाली.

डेल्मर हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं, पण तो मांडीवर थाप मारून हसला.

आर्डिस तडक माझ्याकडे कपडे धुवायच्या खोलीत आली. "मार्व्हा, मला ते विकायचं नाहीये गं. बर्लीला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात त्यानं. खिडकीतून काय दिसतं माहितेय? समोरच्यांची खिडकी! मी तिथे महिनाभरात वेडी होईन."

"मग सांग ना त्याला तसं."

"सांगून ऐकणारातला आहे का तो? त्याला शेजारी बसवून कॅबेज हिल उतरवून दाखवते. मग बघू कोणत्या तोंडानं विकतो ते."

मला एकदम हुरूप आला. कॅबेज हिल, नावात कोबी असला तरी ऐकून भल्याभल्या ट्रकवाल्यांचे तळहात ओले होतात. पेंडलटनच्या वाटेवरचा सहा मैलांचा सलग उतार, मध्ये दोन आडवीतिडवी वळणं, आणि ब्रेक जळालेल्यांसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवलेले. माझा नवरा जिवंत होता तोवर त्यानं मला त्या उतारावर साधी मोटारसुद्धा चालवू दिली नव्हती. मी आर्डिसला म्हणाले, मागच्या सीटवर मला जागा ठेव.

सोमवारी सरावासाठी ती जोडणीला बसली. ट्रकच्या हौद्यात एक लोखंडी जबडा असतो. ट्रक मागे घेत जायचं, की ट्रेलरच्या नाकाखालची जाड खुंटी त्या जबड्यात शिरते आणि जबडा मिटतो. मग ट्रेलर ज्यांवर टेकलेला असतो ते लोखंडी पाय वर उचलायचे. सांगायला सोपं आहे. डेल्मर खुर्ची टाकून शेजारीच बसला होता आणि त्याची टकळी थांबत नव्हती. "डावीकडे घे. फार नको. आवाज आला का? जबड्याचं हँडल बघ. आधी हँडल बघ म्हणतोय ना!"

माझं डोकं फिरलं. मी कुंपणापाशी होते तिथूनच ओरडले, "डेल्मर, जोडणी चाललीय! तोंड मिट!"

"तूच बोलतेयस!"

"तू बोलतोयस म्हणून बोलतेय!"

"मी शिकवतोय तिला!"

"तुझ्यावेळी कोणी शिंकलं तरी तू दगड उचलायचास!"

आमचं असं जुंपलेलं असताना मधल्यामध्ये आर्डिसनं पाय वर घेतले, ट्रकमध्ये चढली आणि निघाली. ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा असतो, जोडणी खरी बसली का ते कळायला. ते राहून गेलं. खुंटी जबड्याच्या वरच टेकली होती आणि जबडा खाली रिकामाच मिटला होता. तीन फूट पुढे गेली असेल नसेल, ट्रेलरचं नाक धाडकन हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळलं. सगळ्या कॅम्पातली कुत्री भुंकायला लागली.

आर्डिस खाली उतरली. चेपलेल्या कडांवरून तिनं हात फिरवला. डेल्मर उभा राहून मान तिरकी करून बघत होता, हल्ली त्याला कडेच्या नजरेनंच दिसतं. "संपलं," तो म्हणाला. "बघितलंस? संपलं."

"काय संपलं? पत्रा चेपलाय," आर्डिस म्हणाली. तिचा राग आमच्यावर होता. "गुरुवारी जोडताना मला माझ्या आसपास दोन तोंडं नकोत. एक तुझं आणि एक हिचं. आणि डेल्मर, रस्त्यातही एक शब्द बोललास तर गाडी कडेला घेऊन उतरवून देईन. चालत ये पेंडलटनला."

मी पुढचे दोन दिवस तिच्याशी नजर मिळवली नाही. ती मात्र रोज सकाळी जोडत होती आणि सोडत होती, जोडत होती आणि सोडत होती. बुधवारी तिनं मला हाक मारून ताज्या, पावासारख्या मऊ बिस्किटांवर सॉसेजची ग्रेव्ही वाढली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता सगळा कॅम्प खुर्च्या घेऊन हजर. इतकी शांतता मी चर्चमध्येही ऐकलेली नाही. डेल्मर आणि मी सगळ्यात लांब, कचऱ्याच्या पिंपापाशी बसलो होतो. आर्डिसनं ट्रक मागे घेतला. खण्ण असा आवाज आला. डेल्मरनं डोळे मिटून मान हलवली, हा आवाज बरोबर होता. ती गुडघे टेकून हौद्यात शिरली, टॉर्च लावून जबडा बघितला, खीळ घातली, वायर जोडली, पाय थोडे उचलले आणि ओढून बघितलं. ट्रकनं जोर केला, ट्रेलर जागचा हलला नाही. सगळे पाय वर गेल्यावर तिनं अंगठा दाखवला आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी लपवलं नाही.

डेल्मर सवयीनं चालकाच्या दाराशी गेला. दार उघडलं तर आत आर्डिस, खाली उशी घेऊन बसलेली. मग तो ट्रकच्या पुढच्या भागाला हात लावत लावत वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढला. मी मागच्या सीटवर चढले.

महामार्गावर पहिला तासभर सरळ चढाचा रस्ता, पाइनची झाडं, आणि आरशात मागे आपलंच घर येतंय. आर्डिस सुरुवातीला दात आवळून चालवत होती. मग तिचे खांदे सैल झाले. "मार्व्हा, अगं, हा बटाट्याच्या ट्रकपेक्षा सोपा आहे!" ती खिदळली. डेल्मर हात मांड्यांखाली दाबून बसला होता आणि त्याचा उजवा पाय जिथे ब्रेक असायला हवा तिथे जमीन दाबत होता.

माथा आला. उतारापूर्वीच आर्डिसनं वेग पार खाली आणला, गिअर उतरवला, इंजिनाचा ब्रेक लावला. ट्रक घुरघुरू लागला. रस्त्यानं मान खाली टाकली. ती मोठ्यानं स्वतःशीच बोलत होती, स्वयंपाकघरात बोलायची तशी. "मंद आच. मंद. आता जरा दाबायचं, घट्ट. आता सोडायचं. निवू दे." आमच्या मागे रांग लागली होती. एका मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. "वाजव बाळा, वाजव," आर्डिस म्हणाली, "जेवण साडेअकरालाच मिळेल." लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक शेजारून भरधाव गेला. त्याच्या चाकांतून धूर येत होता आणि जळका वास आमच्या आत शिरला.

दुसऱ्या वळणावर वारा आला. बाजूनं एकच थापड बसली आणि आरशात मला ट्रेलरची शेपटी डोलताना दिसली, एकदा इकडे, एकदा तिकडे, मग जास्त. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबला तर मागचं घर पुढे येऊ बघतं. हाताशी एक छोटी कळ असते, तिनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ती दाबायची. हे डेल्मरला माहीत होतं. सीटमधून त्याला डोलणं कळलं, त्यानं तोंड उघडलं, आणि त्याआधीच आर्डिसचा अंगठा कळीवर होता. शेपटी एकदा ताठरली आणि ट्रेलर सरळ मागे आला. डेल्मरनं तोंड मिटलं आणि खिडकीकडे मान वळवली. खालपर्यंत त्यानं ती परत वळवली नाही.

रस्ता सपाट झाला तशी मी सीटवर उड्या मारल्या. वयाच्या सत्तराव्या वर्षी! आर्डिस आरोळ्या ठोकत होती, स्टिअरिंगवर थापा मारत होती.

धान्याच्या दुकानामागे गिऱ्हाईक म्हणून कोल्बी नावाचा तरुण उभा होता, विजेच्या तारा ओढायच्या कामासाठी गावोगाव फिरणारा. त्यानं ट्रेलरभोवती फेरी मारली, ट्रकच्या चेपलेल्या कडांकडे बघून शीळ घातली. "चांगला ठेवलाय, सर. वाऱ्यात त्रास नाही ना झाला? तुम्हीच उतरवला?"

आर्डिस इंजिन बंद करून खाली उतरली. ती सरळ डेल्मरसमोर जाऊन उभी राहिली.

"मला येतं," ती म्हणाली. "तू बघितलंस. पण तुला शेजारी फुगून बसवून मला उरलेलं आयुष्य काढायचं नाही. त्या वळणापासून खालपर्यंत तू माझ्याकडे पाठ करून होतास. त्या सीटवर बसणं तुझ्यानं होणार नसेल तर विकून टाक, डेल्मर. मी एक शब्द बोलणार नाही."

मला वाटलं, झालं, गेलं घर.

डेल्मरनं ट्रकच्या दाराला धरलं. "फुगलो नव्हतो," तो म्हणाला. "आर्डिस, मी ती टेकडी पाचशे वेळा तरी उतरलो असेन. खाली दरी आहे हे मला माहीत होतं, नकाशात आहे म्हणून. कधी बघितलीच नव्हती. माल होता, ब्रेक होते, रस्ता होता. आज पहिल्यांदा मान फिरवली. कडेनं सगळं दिसतं मला. अगं, खाली सगळा गहू आहे! पिवळा, पार आभाळापर्यंत. मध्ये एक यंत्र कापत चाललं होतं, मागे धूळ. एक लाल कोठार. कोणाचे तरी घोडे." त्यानं मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. "तुला नाही दिसलं?"

"मला कसं दिसणार? मी रस्ता बघत होते."

कोल्बी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "म्हणजे विकायचा आहे की नाही, सर?"

"ते ड्रायव्हरला विचार," डेल्मर म्हणाला.

आर्डिसनं कोल्बीकडे बघून नकाराची मान हलवली. तो हसला आणि टोपी सारखी करत निघून गेला. ती ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि बाजूची जागा तिनं हातानं झटकली.

"घोडे किती होते?" तिनं विचारलं. "पहिल्यापासून सांग, त्या वळणापासून."