गुळणीचा नियम

दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर आपण देणं हा शिक्षकाच्या नोकरीचाच भाग आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

माझा वर्ग चौथीचा. शिकवायची पद्धत सोपी. "सूर्य पूर्वेला उग..." एवढं मी म्हणायचो, "वतो" एवढं पोरं म्हणायची, आणि दोघांनाही शिकल्यासारखं वाटायचं. मग तालुक्याला प्रशिक्षण झालं. मुलांना गटात बसवा, करू द्या, बोलू द्या, नियमसुद्धा त्यांनाच बनवू द्या. (चहा दोनदा होता. म्हणून मी सगळं ऐकलं.)

आल्याबरोबर मी गट पाडले. पण प्रत्येक गटात एक हुशार पोट्टं सगळ्यांची उत्तरं देऊन मोकळं. तेव्हा पोरांनीच नियम काढला : नंबर दुसऱ्याचा असताना जो बोलेल, त्यानं तोंडात पाण्याची गुळणी धरायची. ज्याचा नंबर आहे त्याचं बोलणं होईपर्यंत गिळायची नाही, थुंकायची नाही.

"सरांले पण?" एकीनं विचारलं.

"सगळ्यांले," मी मोठ्या मनानं म्हणालो.

त्या आठवड्यात मी तोंडात इतकं पाणी साठवलं की, आमच्या गावावर, जानेफळवर, टँकरची वेळ आली असती तर तो माझ्याच दारात लागला असता. "सरांले पण?" विचारणारी ती म्हणजे माझीच मुलगी, सानू. वर्गात मी तिचा सर, घरी पप्पा. नियम मात्र तिनं दोन्हीकडे एकच ठेवला होता, हे मला त्या रविवारी कळलं.

रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, वनिताला, पाहायला दुसरबीडचे पाहुणे यायचे होते. वनिता मेहकरच्या एका दवाखान्यात नर्स. आधीची दोन स्थळं एकाच गोष्टीवर मोडली होती. ते म्हणाले नोकरी सोडा, ती म्हणाली नाही. म्हणून बाबांनी सकाळीच मला बाजूला घेतलं.

"आज तूच बोलजो. मास्तर हायेस. पोरगी बोलली का हेही मोडते."

"अन् नोकरीचं विचारलं तर?"

"म्हण, सोडते म्हणून. लग्न झाल्यावर पाहू."

पाहुणे आले. नवरा मुलगा आणि त्याचे मामा. मुलाचं पंप दुरुस्तीचं दुकान, पण बोलायचं खातं मामांकडे. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेगळे करत होता. वनिता समोर बसली.

"नाव काय बाई तुमचं?" मामा.

"वनिता," मी.

"शिक्षण?"

"नर्सिंग. फर्स्ट क्लास," मी.

"स्वयंपाक येतो ना?"

"वांग्याची भाजी अशी करते मामा, का गाव सोडून इथंच राहसान." (ती भाजी माझी बायको करते. वनिता खाते.)

तेवढ्यात आतून सानू आली. हातात पाण्याचा पेला.

"पप्पा, गुळणी."

"जाय आत."

"नंबर आत्याचा व्हता. तुम्ही बोलून राह्यले."

"काय म्हणायली पोरगी?" मामांनी विचारलं. सानूनं त्यांना नियम समजावला, इतक्या गंभीरपणे की मामांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मग धरा की मास्तर. नियम आहे तो."

मी हसत हसत घोट घेतला. वाटलं, ही वळली की गिळून टाकू. ती वळलीच नाही. माझ्या गालांकडे बघत उभी राहिली.

आणि नेमकं तेव्हाच मामा म्हणाले, "तेवढं नोकरीचं बोलून घेऊ. दुसरबीडहून मेहकर रोज कसं जमायचं? सोडावी लागल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. माझ्या घशातून हापशाला पाणी यायच्या आधी येतो तसा आवाज आला. तेवढंच.

वनिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते तिनं सोडलं.

"नोकरी मी सोडत नाही," ती म्हणाली. "मेहकर जमत नसन तर तिकडं दवाखाना पाहीन. पण घरी बसणार नाही. मागून भांडण करण्यापरीस आधीच सांगतलेलं बरं."

बाबांनी डोळे मिटले. तिसरंही गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझी गुळणी तोंडातच राहिली. खरं सांगतो, आता मला बोलायचंच नव्हतं. एका घरात राहून मी तिच्या तोंडून इतकं लांब बोलणं ऐकलंच नव्हतं. ऐकणार कुठून? मधे मी होतो.

मामा सावरून बसले. "आमच्या पोराचं म्हणणं असं..."

सानूनं दुसरा पेला पुढे केला.

मामांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घोट घेतला. आता समोरासमोर दोन वडीलधारे, गाल फुगवून.

मुलानं शेंगदाणे सोडले. "मागच्या घरीही मामाच बोलले," तो म्हणाला. "मले एवढंच विचारायचं होतं. रात्रपाळी असते का?"

"असते."

"मग त्या दिवशी जेवणाचं?"

"तुम्हाले काय येते?"

"खिचडी."

"खिचडी चालते," वनिता म्हणाली.

भाच्याला खिचडी येते ही बातमी मामांना नवीन असावी. त्यांची गुळणी थेट पोह्यांवर गेली.

लग्न झालं. मांडवात फोटोवाला वनिताला म्हणाला, "ताई, खूश ना?"

"एकदम खूश," मी म्हणालो.

सानू पेला घेऊनच फिरत होती. फोटोवाल्यानं ताईचं उत्तर न ऐकताच फोटो काढायला सुरुवात केली, त्यामुळे नंबर काही संपेना. म्हणून त्या अल्बमात मी पानापानावर गाल फुगवून उभा आहे. नवरीचा भाऊ रुसला होता का, असं लोक अजून विचारतात.

मी काही बोलत नाही. प्रश्न वनिताच्या लग्नाचा आहे, तिलाच विचारा.