सोमवारच्या बिल्ट्या

आमचं लग्न झालं तेव्हा ह्यांचा महाडच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी मुलांना शिकवायचे आणि दुपारी व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायचे. औषधांच्या होलसेलवाल्याला स्टॉकचा, खालच्या कापडवाल्याला बिलांचा, पोलादपूरच्या ट्रान्सपोर्टवाल्या चाचांना बिल्ट्यांचा. बिल्टी म्हणजे ट्रकमध्ये कोणाचा कोणता माल कुठे चाललाय त्याची पावती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि पडद्याच्या माथ्यावर ज्याचं त्याचं दैवत: इंग्रजी अक्षरांत का होईना, कापडवाल्याला 'श्री', चाचांना ७८६, आमच्या क्लासच्या मशीनवर 'जय भीम'. हे कोणी मागितलं नव्हतं, ह्यांनीच घालून दिलं होतं. कापडवाल्याने तर पहिल्या दिवशी उठून मशीनला हात जोडले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, मला हसू आवरेना. पण नवऱ्याचा अभिमानही तेवढाच वाटला, खोटं कशाला बोलू?

मग दोन हजार साल आलं. ह्यांच्या प्रोग्रामला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळत. नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की तो गोंधळणार होता. तशी चूक जगभर सगळ्यांनीच केली होती म्हणे. पण दुरुस्तीसाठी मूळ प्रोग्राम हातात लागतो, आणि ह्यांचा होता फ्लॉप्यांवर, आणि फ्लॉप्या पत्र्याच्या पेटीत. आमच्याकडच्या पावसाळ्यात पापडाला बुरशी लागते, फ्लॉपीला काय सोडते? एकही उघडेना. दुकानांतले प्रोग्राम चालत होते, पण त्यांत आता काही बदलता येत नव्हतं.

तेव्हा ह्यांनी सगळ्यांच्या मशीनची तारीख दहा वर्षं मागे नेली. बिल छापून आलं की त्यावर बरोबर वर्षाचा रबरी शिक्का मारायचा. कापडवाल्याने कुरकुर केली. चाचा मात्र खूष झाले. "सर, दहा वर्षांनी जवान केलंत मला!" असं येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला सांगत सुटले. त्या वर्षी एकोणतीस फेब्रुवारी होती आणि मशीनच्या वर्षात ती नव्हती. सकाळीच चाचांचा फोन, "सर, तुमच्या मशीननं आजचा दिवस खाल्लान!" त्या दिवशीच्या बिल्ट्या त्यांनी हाताने लिहिल्या आणि संध्याकाळी आमच्याकडे सुकट पाठवली.

पुढे विक्रीकर जाऊन व्हॅट आला. सीए मंडळी म्हणू लागली, तयार पॅकेज घ्या, हे घरगुती काही चालायचं नाही. त्याच पावसाळ्यात पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांतली मशीनं चिखलात गेली. नवी आली, ती पॅकेजसकट. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही, फक्त ह्यांना बोलावणं थांबलं. क्लासची मुलंही सरकारी सर्टिफिकेटवाल्या केंद्रात जाऊ लागली. माडीचं भाडं परवडेना, तेव्हा क्लास बंद केला. घर माझ्या पगारावर चाललं, त्याचं मला काही नव्हतं. पण मी शाळेतून आले की हे पंख्याखाली तस्सेच बसलेले असत, आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

उरले फक्त चाचा. त्यांचं ऑफिस पोलादपूरला हायवेवर, उंचावर, तिथे पाणी चढलं नव्हतं. दर सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने तिकडे जात. चाचांनी टॅक्ससाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता, पण "बिल्ट्या तुमच्याच मशीनवर, सर. ह्या पोरीला तुमचा प्रोग्राम जमत नाय," असं ते सांगत. ती पोर म्हणजे त्यांची ऑपरेटर. म्हणून आठवड्याच्या बिल्ट्या हेच बसून भरत. सोमवारी रात्री हे जरा जास्त जेवत.

एका सोमवारी कशेडी घाटात दरड आली. माझी शाळा घाटाच्या अंगाला. मुलांना लवकर सोडलं आणि मी चालत पोलादपुरात आले. म्हटलं, ह्यांच्याबरोबरच घरी जाऊ. ऑफिसात ऑपरेटर नव्या मशीनवर टकटक करत होती आणि शेजारच्या प्रिंटरमधून बिल्टी बाहेर येत होती. तिच्यावर वर्ष बरोबर छापलेलं होतं. शिक्का नाही, काही नाही. आणि आतल्या कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, हे जुन्या मशीनवर एकेक बिल्टी पुन्हा भरत होते. बाजूला आधीच छापून झालेल्या बिल्ट्यांच्या गुलाबी प्रतींचा गठ्ठा. चाचा खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते.

"हे काय गं?" मी त्या मुलीला हळूच विचारलं.

ती घाबरली. "मॅडम, सरांना नका सांगू. सगळं इकडंच होतं आता. चाचा बोलले, सर आले की गठ्ठा त्यांना द्यायचा. सर गेले की मशीन बंदच असतंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नवरा काय लहान मूल आहे, पाटी-पेन्सिल देऊन कोपऱ्यात बसवायला? चाचांना चार शब्द सुनवायचेच म्हणून मी पुढे झाले. तेवढ्यात चाचा उठले, स्वतःच्या हाताने ह्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही नसतात तर माझा धंदा बसला असता." हे हसले. कित्येक महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मी तशीच मागे फिरून दाराजवळच्या बाकावर बसले.

परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. माझं तोंड बघून ह्यांना सगळं समजलं असावं.

"चाचांना बोलली नाहीस ना काही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही कळणार होय? पहिल्याच सोमवारी कळलं." ते समोरच्या सीटकडे बघत बोलत होते. "त्यांना वाटतं, मला कळत नाही. कळलंय असं दिसलं तर बिचारे शरमतील, मग बोलावणार नाहीत." मग तिकिटाची घडी घालत म्हणाले, "आणि मग सोमवारी मी जाऊ कुठे?"

मी पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळले. महाड येईपर्यंत मला रडू आवरलं नाही, आणि त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढच्या सोमवारी मी त्यांचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. ते आरशासमोर भांग पाडत होते. मी स्वयंपाकघरातूनच, आवाज शक्य तेवढा नेहमीसारखा ठेवून विचारलं, "आज पुष्कळ बिल्ट्या असतील का हो?"

"असतील की," ते म्हणाले. "दरडीमुळे तुंबल्या असतील." आणि माझ्याकडे न बघता चपला घालून निघाले.