शेरूची नवी जागा

मंडळी, आज काळजाले थंडक पोचली. कारण वाचा, मग मले शिव्या द्यायच्या तर द्या.

मागच्या महिन्यात नाचणगावच्या आत्याकडून मोठा झालेला शेरू हिंगणघाटले आणला. चांगला दांडगा कुत्रा, पण मुतायचा घरातच. कधी पायपुसण्यावर, कधी देवघरासमोर. फिनाईल मारून मारून मी थकली. वरून समोरच्या काकू गल्लीभर सांगत फिरल्या, "त्या पोरीले कुत्रंच सांभाळता येत नाई."

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना खरा प्रकार दिसला. शेरूनं आमच्या बाजूच्या खांबापाशी पाय उचलला, अन् काकूंनी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. तो तसाच घरात पळाला आणि सोफ्यामागं मोकळा झाला.

"काकू, पाणी काऊन फेकता जी?"

"सवय लावून राह्यली त्याले. तुले तं जमत नाई."

बरं.

संध्याकाळी काकू भजनाले गेल्या. कुत्रे येऊ नये म्हणून त्यांनी फाटकासमोर निळ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग मांडली आहे. शेरूले मी तिथंच नेलं. त्यानं बाटल्या हुंगल्या, घाबरून इकडंतिकडं पाह्यलं, आणि मधल्या बाटलीवर निवांत धार सोडली. मी लगेच पाठ थोपटली, बिस्कीट दिलं. बाहेर केलं की बक्षीस, असंच शिकवतात ना?

आता हे लिहून राह्यली, तर शेरू पट्टा तोंडात धरून दारात उभा आहे. काकू भजनाहून आल्या, फाटकातच बसल्या आहेत.

सांगा, नेऊ का?