डोनेगॉलचा जावई

माझा नवरा हेमचंद्र आखातातल्या फुजैराच्या बंदरात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लोकांचं मराठी दुरुस्त करतो. शनिवारी आमच्या हॉलमध्ये इथल्या मराठी पोरांचा वर्ग घेतो. लोकांची पोरं धडाधड वाचायला लागली. आमची इरा मात्र बापाने मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. ते त्याला फार लागतं. बोलून दाखवत नाही, पण मला कळत नाही का!

या इराने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "आय वॉन्ट टु मॅरी कॉलम." कॉलम तिच्या ऑफिसातला, आयर्लंडमधल्या डोनेगॉल जिल्ह्याचा. लग्नही तिकडेच करायचं होतं.

"खलास!" हेमचंद्र ताटावरून उठलाच. "संपलं आपल्या घरातलं मराठी. मी येणार नाही लग्नाला."

इरा रडत खोलीत गेली. मी म्हटलं, "अरे, थयथयाट नंतर कर. पोराचं गाव कुठे आहे ते तरी बघ."

तेवढं मात्र ऐकलं त्याने. नकाशा उघडून बसला तो उठेचना. आयर्लंडच्या पार वायव्य कोपऱ्यात डोंगर, खडक, भणाण वारा आणि जिथे तिथे आत घुसलेला समुद्र. "अगं, हे तर आपलं रत्नागिरी!" मग तिथला इतिहास वाचायला लागला. चांगल्या जमिनी परक्यांनी घेतल्या, बटाट्याचं पीक सडलं तेव्हा माणसं उपाशी मेली, कितीतरी देश सोडून गेली. पुढे पिढ्यान् पिढ्या पुरुष स्कॉटलंडला मजुरीला जायचे आणि घरी पैसे पाठवायचे. "आपल्यासारखेच गं," तो म्हणाला. आयरिश बोललं म्हणून शाळेत मुलांना मार बसायचा, हे वाचलं त्या दिवशी तो नीट जेवला नाही. तरी किनाऱ्यावरच्या काही गावांनी भाषा सोडली नव्हती. कॉलम आजही आजीशी आयरिशच बोलतो, असं मी सांगितल्यावर त्याने मान वर केली. मग म्हणाला, "शनिवारी बोलव त्याला."

कॉलम आला आणि तो एवढा ताडमाड माणूस पोरांच्यात मांडी घालून बसला. मराठी शिकत होता बिचारा, तेही आमच्या इराकडून!

"काका, माझ्यावर भूक आहे," तो म्हणाला. पोरं खिदळली. आयरिशमध्ये भूक माणसावर असते म्हणे, दुःखही माणसावरच.

"आमच्यात भूक लागते," हेमचंद्र म्हणाला. पण त्याला मजा वाटत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "आणि इरा? तिच्याबद्दल काय म्हणशील?"

कॉलम लालबुंद झाला. शब्द जुळवत, अडखळत म्हणाला, "आमच्या डोनेगॉलला म्हणतात... माझं हृदय तिच्या आत आहे."

"असं नाही म्हणत," हेमचंद्र सवयीने म्हणाला. "तिच्यात माझा जीव आहे, असं म्हणायचं."

म्हणाला आणि तिथेच थांबला. त्याने मागे वळून बघितलं. इरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. पोरं वह्या घेऊन बघत राहिली, माझेही डोळे भरून आले.

"रडतेस काय, वेडाबाई," हेमचंद्र स्वतःच डोळे पुसत म्हणाला. "येतो मी लग्नाला."