नको असलेल्या पत्रांचं खातं

जे काम लोकांना कामच वाटत नाही, तिथे किस्से फार साठतात. पंख्यावरच्या धुळीसारखे. पुसा, आठवड्यात पुन्हा थर.

आमचं ऑफिस बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर. कंपनी लहान. घरांना-दुकानांना इंटरनेट द्यायचं आणि छोट्या धंद्यांच्या मेल चालवायच्या. त्यातलं आमचं खातं तिघांचं: मोघे सर, वर्धेची वर्षा आणि मी. आमच्या एखाद्या कनेक्शनवरून कुणी जगाला फालतू मेल पाठवत सुटला, की तक्रारी आमच्याकडे येतात. मग तो कोण हे शोधायचं आणि त्याला थांबवायचं. नाही थांबवलं तर बाहेरच्या मोठ्या मेल कंपन्या आमचं नाव काळ्या यादीत टाकतात, आणि मग आमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांच्या मेल अडकतात.

हे सगळं मी एकदा मावशीला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पत्र येऊ नये म्हणून पगार?"

*

मोघे सर पोस्टातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले. प्रत्येक मेलच्या पोटात ती कुठल्या कुठल्या मशीनवरून आली याची नोंद असते. आपल्याला ती दिसत नाही, सर मात्र ती प्रिंट काढून, खालून वर, बोट ठेवून वाचतात. त्यांच्या लेखी ते पोस्टाचे शिक्के. चाळीस वर्षं शिक्के वाचलेल्या माणसाला पाठवणारा सापडायला दहा मिनिटं लागतात.

सापडल्यावर मात्र सर त्याला मेल करत नाहीत. रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवतात, पोचपावतीसह. "मेल आली नाही असं कुणीही म्हणतं. सही केल्यावर म्हणून दाखवा," हे त्यांचं म्हणणं.

केसांच्या तेलाच्या जाहिराती पाठवणाऱ्या एका माणसाला असंच पत्र गेलं. आठ दिवसांनी पोचपावती परत आली. व्यवस्थित सही, आणि खाली बारीक अक्षरात, "आपला पत्ता मिळाला. यादीत घेतला आहे."

तेव्हापासून सरांना तेलाची जाहिरात घरी, पोस्टाने येते. सरांना टक्कल आहे. ते रागावले नाहीत. "तिकीट पूर्ण लावतो हो," एवढंच म्हणाले.

*

वजन कमी करायच्या गोळ्यांची इंग्रजी जाहिरात दिवसाला हजारोंनी सुटत होती. शोधलं तर कनेक्शन पुण्याबाहेरच्या मांजरी गावातलं, एका बापूंच्या नावावर. वर्षा आणि मी स्कूटीवरून गेलो. चारी बाजूंना नवे टॉवर आणि मधोमध बापूंचा उरलेला दीड एकर ऊस. बापू स्वतः इतके बारीक की उसातून पटकन दिसेनात.

वर्षाने विचारलं, वजन कमी करायच्या गोळ्या तुम्ही विकता का?

बापूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "माझ्याकडं बघून कोन घील का?"

घरात कॉम्प्युटर नव्हता. लॅपटॉप नव्हता. होता तो एक कॅमेरा, उसाच्या चोरीसाठी बसवलेला, आणि त्याचा रेकॉर्डिंगचा डबा. डब्याचा पासवर्ड दुकानातून आला तोच होता, एक-दोन-तीन-चार. परदेशातल्या कुणीतरी त्यात घुसून त्यालाच कामाला लावलं होतं. मी बापूंना सांगितलं की तुमचा हा डबाच जगभर पत्रं पाठवतोय.

बापू डब्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "राखणीला ठेवलाय त्याला, अन् ह्यो जोडधंदा करतुय व्हय!"

पासवर्ड बदलून निघालो तेव्हा त्यांनी आम्हाला दोन-दोन ऊस दिले. स्कूटीवरून ते आणताना स्वारगेटच्या सिग्नलला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

एक बाई फोनवर. आवाज अतिशय सभ्य. तुम्हाला परदेशी लॉटरी लागली, अशी मेल त्यांना रोज यायची, ती परवापासून बंद झाली आहे, ती आम्हीच बंद केली का?

मी अभिमानाने हो म्हटलं. वर हेही सांगितलं की ते फसवणारे लोक असतात.

"ते मला कळतं हो. मी काही उघडत नव्हते. पण रोज कुणीतरी अभिनंदन करत होतं. घरात कोण करतंय?"

ती तक्रार आमच्या फाइलमध्ये अजून उघडी आहे.

*

आणि आता अण्णा.

एका सोमवारी आमचं नाव काळ्या यादीत गेलं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट पोचेनात, क्लासची वेळापत्रकं पोचेनात. मालक शिरीषभाऊ वरच्या केबिनमधून खाली आले आणि पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत देऊन गेले. तोवर नाव निघालं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला जाणार आणि आमचं खातं बंद. वर्षा पुण्यात होती ती या नोकरीच्या जोरावर. नोकरी गेली की वर्धा, आणि वर्धेला घरचे स्थळं काढूनच बसलेले. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

यादीवाल्यांची अट साधी होती. सलग तीन दिवस एकही तक्रार येता कामा नये.

मोघे सरांनी तासाभरात माणूस शोधला आणि मग चष्मा पुसत बसले. पाठवणारे होते अण्णा, म्हणजे शिरीषभाऊंचे वडील. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त हेडमास्तर. रोज पहाटे 'सकाळचे दोन शब्द' या नावाची चार पानी मेल, चौदाशे लोकांना. पत्ते कुठून मिळवले? संध्याकाळी फिरायला जाताना दुकानांच्या पाट्यांवरून वहीत उतरवून घेतलेले.

शिरीषभाऊंना सांगितलं. बँकेच्या मॅनेजरला उभं-आडवं झापणारा हा माणूस, वय छप्पन्न, एकदम खुर्चीत बसला. "तुम्हीच सांगा त्यांना. मला जमायचं नाही."

मंगळवारी आम्ही तिघं अण्णांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पाटीवर पत्ता लिहायचा, आणि पत्र आलं की तक्रार करायची. बरं." मग मी सांगितलं की अण्णा, नियम असा आहे, ज्याला मेल नको त्याला ती बंद करायची सोय पत्राखाली द्यावी लागते. हे मात्र त्यांना एकदम पटलं. नियम आहे म्हटल्यावर पाळलाच पाहिजे.

बुधवारी पहाटेच्या मेलखाली सोय आली होती:

"ज्यांना हे पत्र नको असेल त्यांनी स्वहस्ताक्षरात, सकारण अर्ज करावा. समक्ष. वेळ दहा ते बारा. फोनवर नावे कमी केली जाणार नाहीत."

वर्षाने कपाळाला हात लावला. "आता काही खरं नाही जी."

दहाला आम्ही धावत अण्णांकडे गेलो तर जिन्यात रांग. चष्मेवाले, झेरॉक्सवाले, एक दातांचे डॉक्टर, सगळे हातात कागद घेऊन. पुण्यात तक्रार करायची संधी समक्ष मिळाल्यावर घरी कोण बसतं? अण्णा एकेक अर्ज वाचून लाल पेनने शेरा मारत होते. डॉक्टरांचा अर्ज "कारण मोघम" म्हणून परत आला. ते तिथेच, जिन्यात बसून, नवीन लिहायला लागले.

आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडला. गुरुवारी सकाळी एकच तक्रार. फक्त एक. पण ती त्याच दिवशी थांबली नसती तर सोमवारपर्यंत तीन कोरे दिवस मिळाले नसते. मोघे सर प्रिंटवर बोट ठेवून खालून वर वाचत गेले आणि शेवटी त्यांनी तेच बोट छताकडे केलं. तक्रार वरच्या केबिनमधली होती.

शिरीषभाऊंनी कबूल केलं. वडिलांना नको कसं म्हणणार, म्हणून वर्षभर ते रोज सकाळी गुपचूप मेलवरचं तक्रारीचं बटण दाबत होते. दाबू नका, असं वर्षाने सांगून पाहिलं. ते म्हणाले, आता सवय झाली आहे, त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

मोघे सरांनी टेबलावर एक कोरा कागद ठेवला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

पावणेबाराला शिरीषभाऊ रांगेत होते, दातांच्या डॉक्टरांच्या मागे. आम्ही तिघं जिन्याच्या वळणावर उभे. नंबर आला. अण्णांनी मान वर न करता कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"कारण?"

"वाचायला वेळ होत नाही, सर," शिरीषभाऊ म्हणाले.

अण्णांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिला.

"पालकांची सही आणा."