बीपबाईंचा अँप्लिफायर

रुग्णालयातल्या कानाच्या विभागात तिला सगळे बीपबाई म्हणत. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक बीप वाजवत राहायचं. ऐकू आलं की माणसानं बटण दाबायचं. काही जण बीप वाजलेला नसतानाही दाबत. मुद्दाम नव्हे, त्यांना खरंच ऐकू यायचं. बीपबाई कधी रागावली नाही. "शांततेत फार वेळ बसलं की कान आपल्या मनानंच काहीतरी तयार करतो," असं म्हणायची आणि चाचणी पहिल्यापासून घ्यायची.

निवृत्त झाली तेव्हा तिची एकच इच्छा होती. आता गाणी ऐकायची, आणि नीट ऐकायची. घरातल्या जुन्या अँप्लिफायरनं तापून तापून कधीच राम म्हटला होता. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं तिला सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवली होती. तोच म्हणाला, "बाई, तयार क्लास-डी मॉड्यूल मिळतात, ती आणा. तळहाताएवढी पाटी असते. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून, भन्नाट वेगानं चालू-बंद होत ती तो पुन्हा जोडते. म्हणून तापत नाही. तुम्ही फक्त पेटी करायची आणि तारा जोडायच्या."

'फक्त' म्हणायला त्याचं काय जातंय! अॅल्युमिनियमच्या पेटीला भोकं पाडण्यातच तिचे कितीतरी दिवस गेले. ड्रिल घसरायचं, पत्रा किंचाळायचा. थोरली बहीण, ताई, तिच्याबरोबरच राहायची. ती दोन्ही कानांत बोटं घालून म्हणायची, "लोक निवृत्त होऊन फिरायला जातात. आमची बया भोकं पाडत बसलीय."

शेवटी एका दुपारी दोन्ही मॉड्यूल पेटीत बसली. डावं, उजवं, मध्ये पॉवर सप्लाय. इनपुटच्या तारा एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळलेल्या. स्पीकर जोडले, पण गाण्यासाठी काहीच जोडलं नव्हतं. आधी नुसती शांतता तपासायची, हा तिचा खाक्या. बटण चालू केलं. स्पीकरला कान लावला. खरखर नाही, गुणगुण नाही. ती स्वतःशीच हसली आणि आवाजाची घुंडी पूर्ण फिरवली.

"झोपलीस का गं?"

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. भिंतीला तोंड लावून बोलल्यासारखा. बीपबाईचा हात घुंडीवर तसाच राहिला.

ताई स्वयंपाकघरातून आली. "कोण आलंय?"

"कोणी नाही. रेडिओ असेल."

"आपल्याकडे रेडिओ कुठाय?"

तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला. "खाली कोणीतरी भोकं पाडतंय गं. रोजची घुर्रघुर्र. तुझी झोपमोड होत असेल."

ताई आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.

बीपबाई मात्र तिथून हलली नाही. आवाजानंतर एक टिक् झालं आणि स्पीकर शांत झाला. पण ती शांतता मघासारखी नव्हती. तिच्यात श्वास होता. आत घेतलेला, मग थांबलेला, मग अगदी हळू सोडलेला. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. काचेच्या खोलीतली माणसं बारीक बीप चुकू नये म्हणून असाच श्वास धरून ठेवत, आणि तो मायक्रोफोनमधून तिला बाहेर ऐकू येई. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा श्वास होता तो.

तिनं अँप्लिफायर बंद केला. ताईला तिनं आवाजाबद्दल इतकंच सांगितलं, "कुठूनतरी पकडतोय तो, बघते मी." श्वासाचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज पुन्हा आला. पाय सुजल्याचं सांगत होता, दूध उतू गेल्याचं सांगत होता. प्रत्येक वाक्यानंतर टिक्, आणि मग तो श्वास. घाबरायला झालं की बीपबाई कामाला लागे, हा तिचा स्वभावच. तिनं इनपुटची टोकं एकमेकांना जोडून टाकली. आवाज येतच राहिला. म्हणजे तो तारांनी हवेतून पकडलेला नव्हता. मग तिनं इन्व्हर्टरची बॅटरी ओढत आणली, भिंतीतला प्लग काढला आणि पेटी बॅटरीवर चालवली. आवाज गेला. प्लग लावला, आवाज आला. माणूस भिंतीतल्या विजेच्या तारांतून बोलत होता.

इमारतीच्या वायरमनला तिनं जिन्यातच गाठलं. "आमच्या वर कोण राहतं हो? आम्ही नवीनच आलोय ना इथं."

"वर? कोणी नाही. कुलूप आहे. काकू गेल्या ना, मग काकांना मुलगा घेऊन गेला." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "का हो, काही गळतंय का?"

दुपारी ती वर गेली. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. परत फिरणार इतक्यात दारामागून, खूप आतून, तोच आवाज आला. "ऐकतेस ना गं?" बंद घरात कोणीतरी बोलत होतं आणि थांबून उत्तराची वाट बघत होतं.

तिथून ती पळाली नाही, याचं तिला नंतर स्वतःलाच नवल वाटलं. या इमारतीत प्रत्येक घराला स्वयंपाकघराचं दुसरं दार आहे, ते मागच्या जिन्यात उघडतं. बीपबाई खाली उतरली, वळसा घालून मागच्या जिन्यानं चढली. ते दार नुसतं लोटलेलं होतं.

ओट्याजवळ खुर्चीत एक थकलेला माणूस बसला होता. समोर भिंतीच्या प्लगात खुपसलेली लहानशी पेटी, आणि तिच्या बटणावर त्याचं बोट. तिला बघून तो दचकला, चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"काका, मी खालची. भोकं पाडणारी."

काका पुन्हा खुर्चीत टेकले. मग हळूहळू सगळं सांगितलं. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांनी हा इंटरकॉम आणला होता. एक पेटी इथं, एक काकूंच्या उशाशी. आवाज घरातल्या विजेच्या तारांतूनच जायचा. स्वयंपाक करता करता काका बोलत, काकू पडल्या पडल्या उत्तर देत. आता मुलाकडे 'फिरून येतो' म्हणून सांगायचं आणि बसनं इथं यायचं.

"वेड लागलंय असं वाटेल त्याला. तुम्ही सांगू नका."

"नाही सांगणार. पण काका, मला सगळं ऐकू येतं. माझ्या अँप्लिफायरमध्ये."

तिला वाटलं, ते ओशाळतील. काका मात्र पुढे झुकले. डोळे एकदम जिवंत झाले. "आणि तिचं? तिचं काही ऐकू येतं?"

बीपबाईनं प्लगातल्या पेटीकडे बोट केलं. "तुम्ही बोलून झाल्यावर बटण दाबून ठेवता का?"

"छे. बोलताना दाबायचं, मग सोडायचं. नाहीतर समोरच्याला बोलता येत नाही."

टिक् म्हणजे बटण सोडल्याचा आवाज. आणि श्वास टिक् झाल्यावर यायचा.

"काकूंची पेटी अजून लावलेली आहे?"

काकांनी तिला आतल्या खोलीत नेलं. पलंग नव्हता. कपाटाच्या तळाला दुसरी पेटी पडली होती, तिची तार तिच्याभोवती गुंडाळलेली. बीपबाईनं ती हातात घेतली. गार होती.

"श्वास ऐकू येतो," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही, आणि हे खरं आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं.

काका दुसऱ्या दिवशी खाली आले. ताई मुद्दाम बाजारात गेली होती. बीपबाई वर जाऊन बटण दाबून दोन शब्द बोलली, मग बटण सोडून धापा टाकत खाली परतली. काका स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसले होते, मान वाकडी करून.

"तुमचं बोलणं आलं. पुढे काही नाही," ते म्हणाले. "आता आहे का?"

आता होता. पातळ, कागद सरकल्यासारखा, पण होता. इतके बारीक, उंच आवाज या वयाच्या कानांना बहुधा उरलेले नसतात, हे तिला चांगलं माहीत होतं. आणि रिकाम्या शांततेत माणूस काय काय ऐकतो, हेही.

"आहे," ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. "मग ठीक आहे. ऐकतेय तर." थोड्या वेळानं उठले, चपला घातल्या. दारातून म्हणाले, "आता रोज नाही आलो तरी चालेल."

पण ते येत राहिले. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरानं. मेकॅनिकनं सांगितल्याप्रमाणे बीपबाईनं अँप्लिफायरच्या तोंडाशी एक फिल्टर बसवला, म्हणजे विजेच्या तारांतून येणारं बाकीचं काही आत शिरणार नाही. काकांचा आवाज खरंच थांबला. गाणी इतकी स्वच्छ वाजू लागली की गाणाऱ्याच्या ओठांची उघडझाप कळावी. श्वास मात्र फिल्टरनंतरही राहिला. गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीत. मॉड्यूलची बारीक सळसळ असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मॉड्यूल बदलून पाहिलं. उजवं डावीकडे घातलं. श्वास होता तिथंच राहिला.

पुढे मुलानं वरचं घर विकलं. सामान हललं त्या दिवशी काका भेटायला आले होते, बोलले मात्र फक्त हवापाण्याचं. इंटरकॉमच्या दोन्ही पेट्या त्यांच्या पिशवीत होत्या. ते गेले. संध्याकाळी बीपबाईनं गाणं लावलं, ते संपलं, आणि मधल्या फटीत काहीच नव्हतं. कोरी शांतता. जशी पहिल्या दिवशी हवी होती तशी. ती दुसरं गाणं लावायचं विसरून तशीच बसून राहिली.

शेजारच्या खुर्चीत ताई भाजी निवडत होती. इतक्या दिवसांत तिनं त्या विषयाचं नाव काढलं नव्हतं. मान वर न करता म्हणाली, "थांबली वाटतं."

"कोण?"

"ती. श्वास घेणारी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला काय कान नाहीत?" ताईनं देठ मोडला. "लाव की पुढचं. आणि जरा हळू ठेव."